बाळ दगावलं त्या दिवशी तापमान किती होतं? घरोघरच्या सर्वेक्षणातून असं शोधतात उत्तर

जन्मानंतर पहिल्या २८ दिवसांत होणाऱ्या मृत्यूंमध्ये उष्णता आणि थंडी, दोन्हींचा वाटा आहे. २९ देशांतल्या ४० हजारांहून जास्त नवजात मृत्यूंच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी हे दाखवून दिलं आहे. या नोंदी मोठ्या शहरातल्या एखाद्या दवाखान्याच्या रजिस्टरमधून घेतलेल्या नाहीत. सर्वेक्षणासाठी दारात आलेल्या कार्यकर्तीला आयांनी जी उत्तरं दिली, त्यातून त्या आल्या आहेत. बाळ कधी झालं? आता हयात आहे का? नसेल, तर किती दिवसांचं असताना गेलं?

गावाकडे आठ-दहा दिवसांचं बाळ गेलं की "त्याचं तेवढंच आयुष्य होतं" असं म्हणून विषय संपतो. बारसंही झालेलं नसतं. कुठे नोंद होते, कुठे होत नाही. उष्माघाताने शेतमजूर दगावला तर बातमी होते. पण मे महिन्यात पत्र्याच्या घरात बाळ मलूल पडून गेलं, तर त्याचा उन्हाशी संबंध कुणी लावत नाही. हा संबंध एकेका घरात दिसतही नाही. तो दिसायला हजारो घरांची माहिती एकत्र करावी लागते. ती कशी करतात आणि त्यातून काय कळतं, हे समजून घेणं ग्रामीण भागासाठी महत्त्वाचं आहे.

घरी येणारं सर्वेक्षण म्हणजे नेमकं काय?

आपल्याकडे हे काम राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण, म्हणजे एनएफएचएस करतं. पहिलं सर्वेक्षण १९९२-९३ मध्ये झालं आणि पाचवं २०१९-२१ मध्ये. केंद्रीय आरोग्य मंत्रालयासाठी मुंबईतल्या देवनार इथली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ते राबवते. पाचव्या फेरीत देशभरात ६ लाख ३६ हजारांहून जास्त घरांना भेटी दिल्या गेल्या आणि १५ ते ४९ वयाच्या ७ लाख २४ हजारांहून जास्त महिलांशी बोलणं झालं. महाराष्ट्रातली भेट दिलेली घरं ३१ हजारांहून जास्त होती.

जगातल्या अनेक गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत अशाच पद्धतीची सर्वेक्षणं होतात. त्यांना लोकसंख्या व आरोग्य सर्वेक्षण, इंग्रजी आद्याक्षरांवरून डीएचएस म्हणतात. प्रश्नावली जवळपास सारखी असल्याने वेगवेगळ्या देशांची माहिती एकत्र करता येते.

यातला आपल्या विषयाचा भाग म्हणजे बाळंतपणांचा इतिहास. प्रत्येक बाईला तिच्या सगळ्या बाळंतपणांची माहिती क्रमाने विचारतात. बाळ महिन्याच्या आत गेलं असेल तर त्याचं वय दिवसांत लिहितात, त्यापुढे दोन वर्षांपर्यंत महिन्यांत आणि नंतर वर्षांत. पूर्वी जन्माचा फक्त महिना आणि साल नोंदवत. डीएचएसच्या आंतरराष्ट्रीय नमुना प्रश्नावलीच्या सातव्या टप्प्यापासून जन्माची तारीखही विचारली जाऊ लागली.

हा बदल वरवर किरकोळ वाटतो, पण या अभ्यासासाठी तोच कळीचा ठरला. जन्माची तारीख कळली आणि बाळ किती दिवसांनी गेलं हे कळलं, की मृत्यूची तारीख निघते. तारीख हाती आली की त्या दिवशीचं तापमान शोधता येतं.

तारखेला तापमान कसं जोडतात?

बहुतेक गावांत तापमान मोजणारं केंद्र नसतं. जवळचं केंद्र ४०-५० किलोमीटरवर, कधी जिल्ह्याच्या ठिकाणी. त्यामुळे संशोधक हवामानाच्या तयार नकाशांचा आधार घेतात. जमिनीवरची केंद्रं, उपग्रह, जहाजं, विमानं यांच्या नोंदी हवामानाच्या संगणकीय गणितात घालून जगाच्या प्रत्येक चौकोनाचं तासातासाचं तापमान काढलेलं असतं. युरोपीय हवामान केंद्राच्या अशा एका माहितीसाठ्यात जमिनीवरचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा आहे आणि त्यात १९५० पासूनचा हिशेब आहे.

दुसऱ्या बाजूला सर्वेक्षणात निवडलेल्या गावाचं किंवा वस्तीचं जीपीएस ठिकाण असतं. पण ते आहे तसं कुणाला दिलं जात नाही. कुणाच्या घरात काय घडलं हे ओळखू येऊ नये म्हणून ठिकाण मुद्दाम थोडं सरकवतात. शहरी भागात २ किलोमीटरपर्यंत, ग्रामीण भागात ५ किलोमीटरपर्यंत, आणि ग्रामीण ठिकाणांपैकी १ टक्का १० किलोमीटरपर्यंत. सपाट मुलखात याने तापमानात फार फरक पडत नाही. पण घाटमाथ्यावर ५ किलोमीटर इकडेतिकडे झालं तर हवा बदलते. तिथे ही गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

तुलना कुणाशी करायची?

इथे खरी अडचण येते. उन्हाळ्यात जास्त बाळं गेली म्हणून उष्णतेने गेली, असं म्हणता येत नाही. त्या काळात पाणीटंचाई असते, हाताला काम नसतं. पावसाळ्यात रस्ते बंद होतात, साथी येतात. शिवाय एका घरात पैसा आहे, दुसऱ्यात नाही. एका आईचं हिमोग्लोबिन बरं आहे, दुसरीचं नाही. एवढ्या सगळ्या गोष्टींतून तापमानाचा भाग वेगळा कसा काढायचा?

यासाठी वापरतात ती पद्धत साधी आहे. एका बाळाची तुलना दुसऱ्या बाळाशी करायचीच नाही. तुलना करायची ती दिवसांची.

समजा, एक बाळ गुरुवारी, १६ मे २०१९ रोजी गेलं. त्या महिन्यातले बाकीचे गुरुवार २, ९, २३ आणि ३० तारखेला येतात. आता त्याच गावात १६ तारखेला तापमान किती होतं आणि उरलेल्या चार गुरुवारी किती होतं, हे पाहायचं. गाव तेच, घर तेच, आई तीच, गरिबी तीच, ऋतूही तोच. वारही तोच घेतल्याने बाजाराचा दिवस किंवा दवाखान्याची सुट्टी यांचाही गोंधळ होत नाही. बदललं ते फक्त हवामान.

कुणी विचारेल, २ तारखेला ते बाळ कदाचित जन्मलंच नसेल, मग तुलना कसली? प्रश्न योग्य आहे. एका बाळावरून काहीच सिद्ध होत नाही. अशा हजारो मृत्यूंच्या तारखा एकत्र केल्या जातात. तापमानाचा काही संबंध नसता, तर हे मृत्यू कडक आणि सौम्य दिवसांत सारखेच विखुरलेले दिसले असते. ते फार तापलेल्या किंवा फार गारठलेल्या दिवसांकडे झुकलेले दिसले, तर संबंध आहे असं मानायला जागा होते.

निष्कर्ष काय निघाला?

या पद्धतीने केलेला एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये 'नेचर कम्युनिकेशन्स' या नियतकालिकात आला. जर्मनीतल्या पॉट्सडॅम हवामान संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांचा त्यात पुढाकार होता. २००१ ते २०१९ या काळातले २९ देशांतले ४०,०७३ नवजात मृत्यू त्यांनी तपासले. त्यातले ४.३ टक्के मृत्यू प्रतिकूल तापमानाशी निगडित निघाले. म्हणजे हजार नवजात मृत्यूंमागे सुमारे ४३. 'प्रतिकूल' यात फार उष्ण आणि फार थंड, दोन्ही दिवस आले.

पुढचा प्रश्न होता, यात हवामान बदलाचा हात किती? त्यासाठी माणसाने वातावरण तापवलंच नसतं तर त्या तारखांना तापमान किती राहिलं असतं, याचा हिशेब मांडला गेला आणि तो प्रत्यक्षातल्या तापमानाशी ताडून पाहिला. उष्णतेशी निगडित नवजात मृत्यूंपैकी ३२ टक्के हवामान बदलामुळे झाले, असं उत्तर आलं. त्याच वेळी थंडी कमी झाल्यामुळे थंडीशी निगडित मृत्यूंचा भार ३० टक्क्यांनी घटला.

हे दोन आकडे एकमेकांतून वजा करून "हिशेब बरोबर झाला" असं म्हणता येत नाही. दोन्ही टक्केवारी वेगवेगळ्या बेरजांची आहे. तापमान वाढत राहिलं तर उष्णतेचा भार वाढत जाईल, असा इशाराही अभ्यासात आहे.

बाळाला एवढा त्रास का होतो?

नवजात बाळाच्या शरीराचं सामान्य तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस असतं. मोठ्या माणसाला थंडी वाजली की कुडकुडून शरीर ऊब तयार करतं, बाळाला ते जमत नाही. वजनाच्या मानाने त्याची त्वचा जास्त उघडी असते, चरबी कमी असते, त्यामुळे ऊब भराभर निघून जाते. जन्मताना अंग ओलं असतं, तेव्हा तर फारच वेगाने. कमी वजनाच्या आणि कमी दिवसांच्या बाळाचं याहून कठीण. अंग थंड पडलं की बाळ नीट ओढून पीत नाही, रक्तातली साखर उतरते आणि जंतुसंसर्ग व्हायला वाट मिळते.

नेपाळच्या सर्लाही जिल्ह्यात २३ हजारांहून जास्त नवजात बाळांचं काखेतलं तापमान घरी जाऊन मोजलं गेलं. पहिल्या मोजणीत तापमान एका अंशाने कमी, तर मृत्यूचा धोका सुमारे ८० टक्क्यांनी जास्त, असं त्यात दिसलं. सर्लाही हिमालयातला बर्फाळ जिल्हा नाही. तो तराईत, बिहारच्या सीमेला लागून आहे.

उष्णतेचंही तसंच. बाळाला पुरेसा घाम येत नाही. ते बोलू शकत नाही, पाणी मागू शकत नाही, पांघरूण काढू शकत नाही. अंगातलं पाणी कमी होतं, ताप चढतो, बाळ मलूल होतं. गरोदर बाईला उन्हाचा मारा बसला तर दिवस भरण्याआधी बाळंतपण होण्याचा धोका असतो, हेही अनेक अभ्यासांत आलं आहे.

अहमदाबादमधल्या एका रुग्णालयाचं उदाहरण इथे उपयोगी आहे. २०१० च्या उष्णतेच्या लाटेनंतर तिथल्या नवजात अतिदक्षता कक्षाच्या नोंदी तपासल्या गेल्या. पारा ४२ अंशांच्या पुढे गेल्यावर प्रत्येक वाढीव अंशामागे उष्णतेमुळे दाखल होणाऱ्या बाळांची संख्या ४३ टक्क्यांनी वाढत होती. त्यानंतर प्रसूती कक्ष वरच्या मजल्यावरून खाली हलवण्यात आला. या एका बदलाने असे दाखले ६४ टक्क्यांनी कमी झाल्याचं अभ्यासात नोंदवलं आहे. वरचा स्लॅब दिवसभर तापतो, हे कुणालाही माहीत आहे. पण बाळांसाठी तो किती महाग पडतो, हे नोंदी पाहिल्यावर कळलं.

आकड्यांतल्या फटी

सर्वेक्षणाची माहिती मोलाची असली तरी ती जशीच्या तशी खरी मानून चालत नाही. संशोधकांना काही गोष्टी तपासाव्याच लागतात.

पहिली गोष्ट आठवणीची. चार वर्षांपूर्वी बाळ सहाव्या दिवशी गेलं की आठव्या, हे सांगताना आई "सात दिवसांचं होतं" असं म्हणून जाते. म्हणून सर्वेक्षणांत सातव्या दिवसापाशी मृत्यूंचा ढीग दिसतो. पाचवीच्या आधी की नंतर, बारशाच्या किती दिवस अलीकडे, पोळा झाला होता का, असं विचारलं तर उत्तर जास्त नेमकं येतं. तारखेत एक-दोन दिवसांची चूक झाली तर बहुधा संबंध आहे त्याहून फिकट दिसतो.

दुसरी गोष्ट माहेरची. आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. सर्वेक्षणात बाई सापडते सासरी, आणि तापमान जोडलं जातं सासरच्या गावाचं. बाळ गेलेलं असतं दुसऱ्याच तालुक्यात, कधी दुसऱ्या जिल्ह्यात.

तिसरी गोष्ट स्थलांतराची. बीडसारख्या जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबं दिवाळीच्या सुमारास कारखान्यांच्या भागात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. डिसेंबरच्या थंडीत फडाजवळच्या कोपीत बाळ झालं आणि गेलं, तर सर्वेक्षणात ते गावच्या पक्क्या पत्त्यावर चढतं. कोपीतली थंडी नोंदीत येतच नाही. अशा वेळी अलीकडे गाव बदललेल्या महिला वगळून हिशेब पुन्हा करतात आणि निष्कर्ष टिकतो का ते पाहतात. पण दरवर्षी जाऊन परत येणारी कुटुंबं या चाळणीतूनही सुटतात.

चौथी गोष्ट सगळ्यांत दुःखाची. सर्वेक्षण फक्त हयात असलेल्या आईला विचारतं. बाळंतपणात आई आणि बाळ दोघंही गेले, तर त्या बाळाची गोष्ट सांगायला कुणी उरत नाही.

आणि शेवटची गोष्ट घराची. नकाशातलं तापमान मोकळ्या हवेतलं असतं. पत्र्याच्या, खिडकी नसलेल्या खोलीत बाजेवर झोपलेल्या बाळाला किती गरम होतं, हे उपग्रहाला दिसत नाही.

आपल्या जिल्ह्याचा आकडा का मिळत नाही?

पाचव्या सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे १६.५ नवजात मृत्यू होतात. देशाचा आकडा २४.९ आहे, म्हणजे राज्य पुष्कळ पुढे. पण २०१५-१६ च्या चौथ्या सर्वेक्षणात राज्याचा आकडा १६.२ होता. दवाखान्यात होणारी बाळंतपणं ९५ टक्क्यांच्या जवळ पोहोचली, तरी नवजात मृत्युदर जागचा हललेला नाही.

मग आपल्या तालुक्यात उन्हामुळे किती बाळं जातात, हे या सर्वेक्षणातून काढता येईल का? नाही. कारण साध्या हिशेबात आहे. समजा, एका जिल्ह्यात निवडलेल्या घरांत पाच वर्षांत ३०० जन्म झाले. राज्याच्या दराने त्यात साधारण पाच नवजात मृत्यू येतील. पाच मृत्यूंवरून उन्हाचा आणि थंडीचा वाटा काढणं अशक्य आहे. एक बाळ इकडचं तिकडे झालं तरी आकडा उलटापालटा होईल. म्हणूनच सर्वेक्षणाच्या जिल्हा पत्रकात बालमृत्यूचा दर दिलेलाच नसतो. "अमुक तालुक्यात उष्णतेमुळे इतके टक्के नवजात दगावले" असा सर्वेक्षणाच्या नावाने कुणी दावा केला, तर तो तपासूनच घ्यावा.

या अभ्यासांपुढे नवं संकटही आहे. अनेक देशांतल्या डीएचएस सर्वेक्षणांना अमेरिकी सरकारचा निधी मिळत होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो थांबवण्यात आला. ज्या देशांत जन्म-मृत्यूची पक्की नोंद नाही, तिथे बाळांच्या मृत्यूची माहिती मिळवण्याचा हाच मोठा मार्ग होता.

घरी आणि दवाखान्यात काय करता येतं?

तापमान कुणाच्या हातात नाही, पण बाळाभोवतीची ऊब आणि गारवा बऱ्याच अंशी हातात आहे. याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी शिकवली. त्या घरी जाऊन बाळाचं वजन आणि तापमान पाहत, ऊब देत, जंतुसंसर्ग ओळखून उपचार करत. तिसऱ्या वर्षापर्यंत तिथला नवजात मृत्युदर तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाला. हा अभ्यास १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, आणि २०११ पासून आशा सेविकांच्या घरभेटी हा देशाचा कार्यक्रम झाला. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी आशाताईंनी घरी येणं अपेक्षित असतं. घरी झालं असेल तर पहिल्या दिवशीही.

या भेटीत आणि एरवीही लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा:

- जन्मल्याबरोबर बाळाला कोरडं पुसून आईच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवावं, वरून दोघांना पांघरूण घालावं. पहिली अंघोळ किमान २४ तासांनी.
- बाळाचं पोट आणि तळपाय हाताने पाहावेत. पोट गरम पण पाय थंड, तर बाळाला थंडी वाजते आहे. दोन्ही थंड, तर धोका आहे. लगेच छातीशी घेऊन दवाखाना गाठावा.
- कमी वजनाच्या बाळाला कांगारू पद्धतीने जास्तीत जास्त वेळ छातीशी ठेवावं. भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, जन्मल्यापासूनच असं ठेवलेल्या बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले.
- उन्हाळ्यात बाळंतिणीच्या खोलीत वारा येऊ द्यावा. पत्र्याच्या घरात दुपारी बाळाला सगळ्यांत गार जागी ठेवावं. मे महिन्यात टोपडं, मोजे आणि दुपट्यांचे थर नकोत.
- उन्हाळा असला तरी बाळाला वरचं पाणी देऊ नये. अंगावरचं दूध वारंवार पाजावं, आणि आईने भरपूर पाणी प्यावं.
- बंद खोलीत शेगडीचा धूर करू नये.
- बाळ पीत नाही, मलूल आहे, जोरात श्वास घेतं, अंग तापलं किंवा गार पडलं, तर वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

ग्रामपंचायतीसाठी आणि आरोग्य यंत्रणेसाठीही यात काम आहे. प्रसूती कक्षाचं तापमान २५ ते २८ अंश असावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. उपकेंद्राच्या त्या खोलीत तापमापक तरी लावलेला आहे का, हा प्रश्न ग्रामसभेत विचारता येतो. उन्हाळ्यात वीज गेली तर काय, हाही.

आणि एक काम नोंदीचं. बाळ तासभर जरी जगलं असलं तरी कायद्याने त्याची जन्माची आणि मृत्यूची अशा दोन नोंदी व्हायला हव्यात, २१ दिवसांच्या आत. मृत जन्मलेल्या बाळाची नोंद वेगळी होते. बरेचदा घरचे म्हणतात, "आता नोंद करून काय उपयोग?" सर्वेक्षणातून तालुक्याचा आकडा मिळत नाही, तो फक्त या नोंदवहीतून मिळू शकतो. तिथे खरी तारीख आणि खरं ठिकाण लिहिलं गेलं, मग ते माहेरचं गाव असो की उसाचा फड, तर उन्हाच्या आणि थंडीच्या कोणत्या आठवड्यात तालुक्यातली बाळं जातात हे आरोग्य खात्याला दिसेल. आशाताईंच्या भेटी त्या आठवड्यांत वाढवता येतील.